दौंडच्या माळावर उतरलेली लंडनची तार

6 सप्टेंबर 1927 रोजी मुंबई आणि लंडन यांच्यात बिनतारी संदेशांची थेट सेवा सुरू झाली. मुंबईहून निघालेला मजकूर जमिनीवरच्या तारेने घाट चढून खडकीला यायचा आणि तिथल्या उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या तारांमधून इंग्लंडच्या दिशेने सुटायचा. इंग्लंडहून येणारा मजकूर खडकीला येत नसे. तो आणखी 75 किलोमीटर पूर्वेला, दौंडला उतरायचा आणि तिथून तारेने मुंबई गाठायचा. सोलापूरहून पुण्याला जाणारी जवळजवळ प्रत्येक गाडी दौंडला थांबते. चहा प्यायला फलाटावर उतरणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की एके काळी हिंदुस्थानासाठी इंग्लंडहून आलेले बिनतारी संदेश सर्वांत आधी याच गावाजवळ ऐकले जात.

आपल्याकडे रेडिओचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात होते ती त्याच वर्षीच्या 23 जुलैपासून. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन केलं. ते केंद्र दीड किलोवॉटचं, सुमारे 357 मीटर लांबीच्या लहरीवर चालणारं, आणि भरवशाने ऐकू यायचं ते जेमतेम 48 किलोमीटरपर्यंत. तिथून साडेसहा आठवड्यांनी खडकीचे संदेश सात हजार किलोमीटर ओलांडून इंग्लंडात पोचू लागले. खडकीची शक्ती मुंबईच्या दहा-पंधरा पट असेल, पण अंतर दीडशे पट होतं. हा फरक कुठून आला, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी केबल समुद्रात सोडली आणि मुंबई लंडनशी समुद्राखालून जोडली गेली. मुंबईच्या कापूस बाजाराचं गणित तेव्हापासून बदललं. लिव्हरपूलचा भाव आठवड्यांऐवजी तासांत कळू लागला. सोलापुरात 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्या याच जगातल्या होत्या. यंत्रं इंग्लंडची, कापसाचा भाव जगाच्या बाजाराचा, आणि बातमी तारेची. पण शब्दागणिक पैसे मोजावे लागत आणि ते इतके असत, की व्यापाऱ्यांनी अख्ख्या वाक्यासाठी एकच शब्द वापरण्याची सांकेतिक कोशपुस्तकं बाळगली होती. या धंद्यावर मूठभर केबल कंपन्यांची पकड होती.

मार्कोनीच्या कंपनीने 1910 साली ब्रिटिश सरकारपुढे साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची साखळी उभारण्याची योजना मांडली. त्यात हिंदुस्थान होताच. करार, त्यावरून उठलेला राजकीय गदारोळ आणि मग पहिलं महायुद्ध यांत ती योजना अडकली. तांत्रिक अडचण त्याहून मोठी होती. त्या काळच्या सगळ्या तज्ज्ञांचा विश्वास असा होता, की लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते. म्हणून हजारो मीटर लांबीच्या लहरी आणि त्यांच्यासाठी डोंगराएवढे मनोरे. इंग्लंडमधलं रग्बी केंद्र 1 जानेवारी 1926 ला सुरू झालं, ते या विचाराचं शिखर. तिथली लहर 18,750 मीटरांची होती आणि तिच्यासाठी 820 फूट उंचीचे 12 मनोरे उभे करावे लागले. असं एकेक केंद्र म्हणजे एकेक वीजघरच. त्यात उष्ण प्रदेशातल्या वादळांचा कडकडाट लांब लहरींवर फार चढतो. पावसाळ्याच्या तोंडावर हिंदुस्थानात बसून असे संदेश ऐकायचे, तर कान विजांनीच भरून जायचे.

आखूड लहरी तोवर टाकाऊ समजल्या जात. अमेरिकेत 1912 च्या कायद्याने 200 मीटरांखालचा सगळा पट्टा हौशी लोकांना देऊन टाकला होता, कारण त्यातून कोणाचं काही साधेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. त्या हौशी मंडळींनीच 1921 ते 1923 या काळात अटलांटिकपार एकमेकांना ऐकून दाखवलं. दुसरीकडे मार्कोनी आणि त्याचा इंजिनिअर चार्ल्स सॅम्युएल फ्रँकलिन 1916 पासून इटलीत दोन-तीन मीटरांच्या लहरींवर काम करत होते. आखूड लहरीला आरशासारखी दिशा देता येते, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. आपण सगळे इतकी वर्षं लांब लहरींच्याच चाकोरीत फिरत राहिलो, अशा अर्थाची कबुली मार्कोनीने 1922 साली न्यूयॉर्कच्या भाषणात दिली. नोबेल मिळालेल्या, पन्नाशीकडे झुकू लागलेल्या माणसाने आपली आयुष्याची दिशा चुकली असं जाहीर सांगावं आणि पुन्हा प्रयोगाला लागावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1923 च्या वसंतात तो आपल्या ‘एलेट्रा’ या बोटीवर निघाला. कॉर्नवॉलमधल्या पोल्डू केंद्रात फ्रँकलिन 97 मीटरांच्या लहरीवर संदेश सोडत होता. बोट केप व्हर्ड बेटांपर्यंत, म्हणजे चार हजार किलोमीटरांहून दूर गेली, तरी रात्री संदेश स्वच्छ येत राहिले. पोल्डूची शक्ती उतरवत 1 किलोवॉटवर आणली, तरी ते वाचता येत होते. दिवसा मात्र ही लहर लवकर विरून जायची. मग 1924 च्या सप्टेंबरात, बोट बैरूतच्या बंदरात असताना, 32 मीटरांची लहर भर दुपारी ऐकू आली आणि दिवसाचं कुलूपही उघडलं. पुढच्याच महिन्यात तीच लहर सिडनीपर्यंत पोचली.

त्याआधीच, जुलै 1924 मध्ये, ब्रिटिश टपाल खात्याने मार्कोनी कंपनीशी करार केला होता. कॅनडा, दक्षिण आफ्रिका, हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया यांच्यासाठी इंग्लंडातली, एकाच दिशेला लहरींचा झोत सोडणारी ‘बीम’ केंद्रं कंपनीने बांधायची, आणि सात दिवसांच्या चाचणीत ती उतरली तरच सरकारने ती ताब्यात घ्यायची. अटी कडक होत्या. दोन्ही दिशांना एकाच वेळी मिनिटाला 100 शब्द गेले पाहिजेत. हिंदुस्थानच्या मार्गावर हे दिवसातले सरासरी 12 तास जमलं पाहिजे, ऑस्ट्रेलियाच्या मार्गावर 7 तास पुरे. हिंदुस्थानसाठी इंग्लंडात ग्रिम्सबीजवळ टेटनी इथे प्रक्षेपण आणि स्केगनेसजवळ विन्थॉर्प इथे ग्रहण, असं ठरलं. इकडची जोडी खडकी आणि दौंड. ती इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीच्या मालकीची होती.

बोलणारं आणि ऐकणारं केंद्र एवढं लांब का ठेवायचं? कारण खडकीच्या तारांमध्ये किलोवॉटांची वीज खेळायची आणि इंग्लंडहून येणाऱ्या लहरीने दौंडच्या तारेत जागणारी वीज व्होल्टच्या काही लाखांश भागांत मोजावी इतकी सूक्ष्म. दोन्ही शेजारी असती तर आपल्याच आवाजात पाहुण्याचा आवाज बुडाला असता.

आता त्या तारांकडे वळू, कारण सगळी किमया तिथे आहे. तारेत वीज मागेपुढे हेलकावू लागली की तिच्यातून लहर सुटते. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते. एका हेलकाव्यात ती जेवढं अंतर तोडते तेवढी तिची लांबी. हिशेब सोपा आहे: 300 ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचं, उत्तर मीटरांत येतं. आमच्या जुळे सोलापुरात घराघरांत लागणारं सोलापूर आकाशवाणीचं केंद्र 103.4 मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे लहर 2.9 मीटरांची. तिचा पाव भाग सुमारे 72 सेंटीमीटर. हातातल्या रेडिओची ओढून लांब होणारी दांडी पुष्कळदा साधारण तेवढीच भरते आणि तो योगायोग नसतो. तार लहरीच्या निम्म्या किंवा पाव लांबीची असली, की एका टोकाला पोचून परतणारी वीज नेमकी पुढच्या हेलकाव्याच्या वेळेला हजर होते. झोक्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्का जसा त्याला उंच नेतो, तसं त्या मापाच्या तारेत त्या एका लहरीचं बळ साठत जातं. दुसऱ्या लांबीच्या लहरीचे धक्के अवेळी पडतात आणि त्यातले बरेचसे वाया जातात. हा नियम सोडायला आणि झेलायला सारखाच लागू पडतो. जी तार एखादी लहर उत्तम सोडते, तीच ती उत्तम झेलते. म्हणून खडकी आणि दौंड इथल्या तारांचं शास्त्र एकच होतं.

हिंदुस्थानच्या मार्गासाठी दोन लहरी ठरल्या होत्या, दिवसा सुमारे 16 मीटरांची आणि रात्री सुमारे 34 मीटरांची. 16 मीटरांच्या लहरीची निम्मी लांबी 8 मीटर. एवढी एकच तार टांगली असती तर ती चहूकडे लहरी सोडत बसली असती. फ्रँकलिनने खूप तारा घेतल्या. त्या उभ्या, शेजारी शेजारी, एका लांब रांगेत टांगल्या. प्रत्येक तार आठ मीटरांपेक्षा कितीतरी उंच होती, आणि इथेच त्याची खरी युक्ती होती. लांब सरळ तारेत दर अर्ध्या लहरीला विजेची दिशा उलटते. एक तुकडा वर ढकलतो तेव्हा पुढचा खाली, आणि दोघांच्या लहरी समोर एकमेकींना खाऊन टाकतात. फ्रँकलिनने दर दुसरा तुकडा दुमडून किंवा वेटोळं करून निकामी केला. उरलेले तुकडे मग एका तालावर चालू लागले. मागे, पाव लहरीच्या हिशेबाने अंतर राखून, तारांचा दुसरा पडदा टांगला. तो मागे जाणारी लहर परतवून पुढच्या लहरीत मिसळून देई. यंत्रापासून प्रत्येक तारेपर्यंत तांब्याच्या नळ्यांनी वीज नेलेली, आणि फाटे फुटत जाताना प्रत्येक वाटेची लांबी सारखी ठेवलेली, म्हणजे सगळ्या तारांना ठोका एकाच क्षणी मिळावा. नळीच्या आत नळी घातलेली फ्रँकलिनची ही जोडवाहिनी पुढे केबल टीव्हीच्या काळ्या वायरीच्या रूपात आपल्या प्रत्येक गल्लीत आली.

इंग्लंडमधल्या बीम केंद्रांचे पोलादी जाळीचे मनोरे पावणेतीनशे फुटांहून उंच होते आणि त्यांच्या माथ्यावर 90 फूट लांबीचे आडवे हात होते. एका बाजूला लहर सोडणाऱ्या तारा, दुसऱ्या बाजूला पडदा. इकडची उभारणी त्याच धर्तीवर होती. पुण्याहून लंडनची सर्वांत जवळची वाट पृथ्वीच्या गोलावर मोजली तर वायव्येकडे निघते. म्हणून मनोऱ्यांची रांग तिला काटकोनात, नैऋत्य-ईशान्य अशी धरावी लागे. ती एकदा रोवली की झोत वळवता येत नसे. खडकी इंग्लंडशीच बोलायची आणि दौंड इंग्लंडचंच ऐकायचं. दौंडला याचा आणखी एक फायदा होता. दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे कडाडणाऱ्या विजांचा खरखराट तारांच्या त्या भिंतीत फारसा शिरत नसे.

दिवसरात्रीसाठी दोन लहरी लागण्याचं कारण वातावरणात आहे. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत. आखूड लहर त्यांवरून परतून खाली येते, जमिनीवरून पुन्हा वर जाते, आणि अशा उड्या घेत पृथ्वीचा बाक ओलांडते. या थरांची कल्पना 1902 पासून मांडली जात होती, पण एडवर्ड अॅपल्टनने त्यांचा प्रयोगाने पुरावा दिला तो डिसेंबर 1924 मध्ये, म्हणजे बीमचा करार होऊन गेल्यावर. लहर का पोचते ते पुरतं कळायच्या आत ती पोचते यावर सह्या झाल्या होत्या. दिवसा खालचा थर लांब लहरींना शोषून घेतो, त्यातून 16 मीटरांची लहर निसटते. रात्री वरचे थर विरळ होतात. मग तीच लहर त्यांना भेदून अवकाशात निघून जाते आणि 34 मीटरांची परतून येते. दोन लहरींसाठी तारांची दोन वेगळी मापं, म्हणून दोन वेगळे पडदे. ऊन उतरायला लागलं की एकावरून दुसऱ्यावर जायचं. पुण्यात अंधार पडतो तेव्हा लंडनमध्ये दुपार असते, त्यामुळे ही वेळ साधणं जिकिरीचंच काम होतं.

मजकूर हाताने ठोकला जात नसे. त्याची आधी कागदी पट्टीवर भोकं पाडली जात, पट्टी यंत्रातून वेगाने सरके, आणि दुसऱ्या टोकाला शाईची नागमोडी रेघ उमटे, ती वाचून मजकूर टंकलिखित होई. यंत्रांची शक्ती सुमारे 20 किलोवॉट. रग्बीच्या तुलनेत ती किरकोळ होती आणि खर्चही तसाच.

परिणाम वेगाने दिसले. बीमचे दर केबलपेक्षा कमी होते आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. समुद्रतळाशी कोट्यवधी पौंड ओतून बसलेल्या कंपन्या हादरल्या. 1928 साली लंडनमध्ये साम्राज्यातल्या सरकारांची खास परिषद बसली. केबल बुडू द्यायची नाही, असा तिचा कल होता, कारण बिनतारी संदेश कोणीही चोरून ऐकू शकतो आणि युद्धात समुद्राखालची तारच कामाला येईल. 1929 मध्ये केबल आणि बिनतारी दोन्ही एका कंपनीखाली आणल्या गेल्या. तीच 1934 पासून केबल अँड वायरलेस. हिंदुस्थानात त्याचंच प्रतिबिंब म्हणून 1932 मध्ये इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. माझ्या मते इथे हिंदुस्थानी गिऱ्हाइकाचं नुकसान झालं. स्वस्त वाट उघडली होती, आणि महाग वाट जगवण्यासाठी दोघींचा मालक एक करण्यात आला. चढाओढच संपली.

ही यंत्रणा साम्राज्याची होती, हे विसरता येत नाही. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्याच प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्या तुरुंगापासून खडकी काही मैलांवर आहे. हिंदुस्थानातली तातडीची खबर लंडनला जायला तेव्हा समुद्राखालची केबल, इराणमार्गे जाणारी जुनी तार आणि ही बीम अशा मोजक्याच वाटा होत्या, आणि तिन्हींवर सत्ता एकाच बाजूची होती. सोलापूरच्या माणसाला लंडनला आपली बाजू सांगायची, तर त्याने शब्दाचे पैसे मोजून त्याच खिडकीत अर्ज द्यायचा.

1 मे 1933 ला हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी टेलिफोन सुरू झाला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1 जानेवारी 1947 रोजी, सरकारने हा सारा कारभार ताब्यात घेतला आणि परदेश संचार सेवा जन्माला आली. पुढची पंचवीसेक वर्षं भारताचं जगाशी बोलणं मुख्यतः आखूड लहरींवरच चाललं. खडकीच्या परिसरात दिघीला सेवेचं प्रक्षेपण केंद्र होतं. स्वतंत्र देशाला आता फक्त वायव्येकडे बघून चालणार नव्हतं. जितके देश तितक्या दिशा, आणि दिवसरात्रीच्या म्हणून प्रत्येक दिशेला वेगवेगळ्या मापाच्या तारा. त्यासाठी जमीन लागत होती आणि ती भरपूर होती.

1971 मध्ये जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं आणि आखूड लहरींची सद्दी संपायला लागली. उपग्रहाकडे जाणाऱ्या लहरी काही सेंटीमीटरांच्या असतात. त्या वातावरणाच्या थरांना जुमानत नाहीत, दिवस-रात्र बघत नाहीत, आणि त्यांना झोतात धरायला तारांच्या भिंतीऐवजी एक वाटोळी तबकडी पुरते. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांना अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवला गेला. कर्नाटकातली त्यातली गावं विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांत होती. जुळे सोलापुरातून जाणारा विजापूर रस्ता धरून दक्षिणेला गेलं, की आपण त्याच मुलखात शिरतो. तिथल्या गावांमध्ये जाळीच्या तीन मीटर रुंद तबकड्या बसवल्या होत्या. लहर 860 मेगाहर्ट्झची, म्हणजे 35 सेंटीमीटर लांबीची. जाळीची भोकं तिच्यापुढे इतकी लहान, की लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच. फ्रँकलिनचा तारांचा पडदाही याच नियमावर लहर परतवत असे. पण त्याचा झोत व्यापारी आणि सरकारी कचेऱ्यांसाठी होता, हा शेतकऱ्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या डोळ्यांसमोर येऊन थांबला. पन्नास वर्षांत झालेला मला वाटतो तो सर्वांत मोठा बदल हाच.

1986 मध्ये परदेश संचार सेवेचं विदेश संचार निगम झालं. 2002 मध्ये निगमातला सरकारचा काही हिस्सा आणि कारभाराचा ताबा टाटांकडे गेला तेव्हा जास्तीची जमीन व्यवहारातून बाजूला काढायची ठरली. त्यात सर्वांत मोठा तुकडा पुण्याचा होता, दिघीची सुमारे 524 एकर. ती पुढे हेमिस्फिअर प्रॉपर्टीज या सरकारी कंपनीच्या नावे गेली.